सहाचा गजर

मी घड्याळ बोलतोय. अणदूरच्या पंचाक्षरी किराणावाल्यांच्या ओसरीत टांगलेलं. माझी पेटी पाहून लोक मला शंभर वर्षांचं समजतात. आतलं मशीन मात्र काल-परवाचं आहे. तेच माझं दुखणं.

पंचाक्षरींच्या अव्वाला, म्हणजे आई पार्वतम्मांना, मोतीबिंदूनं दिसेनासं झालं. घरात तिसरं माणूस नाही, लेक दिवसभर दुकानात. "टोले पडणारं घड्याळ आण रे," त्या म्हणाल्या. "तास ऐकू आला की दिवस सरकतो तरी."

म्हणून वीरप्पा सुतारांनी नळदुर्गच्या कचेरीतल्या जुन्या घड्याळासारखी माझी पेटी सागवानात घडवली. माथ्यावर नंदी कोरला, लंबक झुलावा म्हणून लांब पोट ठेवलं.

निजामाच्या हद्दीत मशीन मिळेना, म्हणून पंचाक्षरी अन् वीरप्पा मला मांडीवर घेऊन सोलापूरला गेले. दुकानदारानं दोन मशीनं पुढं ठेवली. एक जुनं, लंबकाचं, टोल्यांचं. दुसरं नवं, चकचकीत, गजराचं. महायुद्धामुळं माल येईना, तिसरं नव्हतंच.

"मालक, जुनं घ्या. ह्ये दुसरं म्हंजे हत्तीच्या पोटात उंदराचं काळीज!" वीरप्पा म्हणाले.

"जुन्याची दुरुस्ती कोण करत बसणार? जमाना नव्याचा हाय," पंचाक्षरी म्हणाले. "अन् वाजतं की ह्ये बी."

वाजतो, पण दिवसातून एकदा!

"एकदाच?" घरी आल्यावर पार्वतम्मांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "बरं, सहाला वाजव. तू दुकान बंद करून येतोस तवा."

मी सहाला वाजायचो. त्या दाराकडं तोंड करून बसायच्या. पंचाक्षरी मात्र पारावर गप्पा हाणून आठला उगवायचे.

"घड्याळ पुढं पळतंय रे," त्या म्हणायच्या.

"व्हय अव्वा, मशीनच भिकार."

मी मिनिटभरही चुकलो नव्हतो! ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझं तोंड एकदाच उघडतं, आणि ते उघडून मिटलेलं असायचं.

मग पंचाक्षरींनी गजराचा काटा गुपचूप आठवर नेला. आता मी वाजतो अन् ते उंबऱ्यात उभे. "बघ, सुधारलं घड्याळ!" पार्वतम्मा हसतात.

काल मात्र पदर अंगाभोवती आवळत म्हणाल्या, "पंचाक्षरी, हल्ली सहालाच लई गार पडायलंय रे."

ते खाली मान घालून जेवत राहिले.

पंचाक्षरी, टोले दिले नाहीत, चालेल. लंबकाविना पोट रिकामं ठेवलंत, तेही सोसीन. पण माझ्या एकुलत्या एका बोलण्यात खोटं घालू नका. काटा सहावर आणा, अन् त्याच्यासोबत तुम्हीही या.