ओळीनंतरची जागा

दिवसभर एकच प्रश्न विचारायचा, हे चष्म्याच्या दुकानातलं वहिनीचं काम. गिऱ्हाईक खुर्चीत बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लागलं, की ती डोळ्यासमोरची काच बदलायची आणि विचारायची, "हे बरं दिसतंय, की हे?" पुन्हा बदलायची. "आता हे, की हे?" माणसं वैतागायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर हात जोडून म्हटलं होतं, "बाई, तुम्हीच काय ते ठरवा आणि मला सोडा." तेव्हा ती पोटभर हसली होती. आता हसू येईना. तोच प्रश्न तिच्या मानगुटीवर येऊन बसला होता, आणि तिला त्यातून सोडवणारं कोणी नव्हतं.

वहिनी ही आधी घराची वहिनी, आणि घराचं ऐकून सगळ्या गल्लीची. ती इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आणि तिची नणंद गायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नणंद शाळेत होती, आणि त्या दोन वेण्यांच्या पोरीला तिने चेष्टेने 'वन्सं' अशी भारदस्त हाक मारली होती. पुढे चेष्टा विरली, हाक तेवढी राहिली. दोघी मिळून लहानसहान कार्यक्रम करायच्या, वाचनालयात, कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाला, कुठल्या मंडळाच्या सभेत. सोबत तिसरा माणूस वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा दादा. सूर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण सामान तो बिनतक्रार उचलायचा. म्हणजे, तक्रार करत उचलायचा, पण उचलायचा.

मागच्या कार्यक्रमानंतर शेवटच्या रांगेतल्या एक बाई वन्संजवळ आल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "छान झालं हो. शब्द काही कळले नाहीत, पण छान झालं."

घरी येऊन जेवायला बसल्यावर वन्सं म्हणाली, "त्या हॉटेलातल्या पियानोवाल्याने मला विचारलंय."

दादाचा घास हातातच राहिला. "काय, लग्नाचं?"

"गाण्याचं रे! दर आठवड्याला, तिथेच, त्याच्याबरोबर. मी अजून हो म्हटलेलं नाही. आपला पुढचा कार्यक्रम होऊ दे, मग सांगते म्हटलंय." मग ताटाकडे बघत ती हळूच म्हणाली, "वहिनी, मी जीव तोडून म्हणते गं. शब्द पोचतच नाहीत."

वहिनीच्या तोंडातला घास नुसता घोळत राहिला. या पोरीला तिने भिंतीकडे तोंड करून गुणगुणताना धरलं होतं, लोकांसमोर उभं केलं होतं. आणि आता ती दुसऱ्याच्या पियानोशेजारी उभी राहणार?

"आपला अँप फाटतो, म्हणून होतं ते," ती घाईघाईने म्हणाली. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, आणि त्यांची पेटी खरंच जुनाट होती. जरा बटण वर नेलं की आवाज चिरफाळायचा, कापड फाटल्यासारखा. "नवा घेऊ. एकदम स्वच्छ आवाजाचा. मग बघ तुझा शब्दन् शब्द कसा ऐकू येतो."

वन्सं ताट उचलून उठली. त्या उठून जाण्यानेच वहिनीची झोप उडाली.

वाद्यांच्या दुकानातले काका मोठे धीराचे. त्यांनी शेजारी शेजारी दोन अँप मांडले, एक मोठा आणि एक लहान. दोन्ही जुन्या धाटणीचे, पुढे विणलेलं कापड, वर चामडी मूठ, तळाशी खाली मान घालून पेटणारा लाल दिवा.

"हे रीइश्यू," काका म्हणाले.

"म्हणजे जुने?" दादाने विचारलं.

"नवे कोरे. नकाशा तेवढा जुना. आत व्हॉल्व्हसुद्धा तसेच, बल्बसारखे काचेचे. त्यामुळे काय, लगेच बोलत नाहीत. हे बटण दाबायचं, व्हॉल्व्ह तापू द्यायचे, मग हे दुसरं."

"आमच्याकडेही असंच आहे," दादा म्हणाला. "चहा मिळेपर्यंत बोलायचं नाही."

वहिनीने डोळे वटारले आणि गिटार मांडीवर घेतली. लहान अँपमधून पहिला स्वर निघाला आणि तिच्या अंगावर काटाच आला. इतका ऊबदार, इतका गोल आवाज तिच्या बोटांतून कधी निघाला नव्हता. मग मोठा लावला. त्याचा आवाज नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा, लख्ख आणि जरा गार. बोट तारेवर किंचित घसरलं तरी सगळ्या दुकानाला कळेल असा.

"लहान आहे तो हळू बोलेपर्यंत गोड," काकांनी समजावलं. "ओरडायला लावलात की त्याचा घसा बसतो. मोठ्याला कितीही वर न्या, तो ओरडणार नाही. नुसता मोठ्याने बोलेल. तुमचं सभागृह केवढं, त्यावर आहे सगळं."

"आणि उचलणारा केवढा, त्यावर," दादाने मोठा अँप मुठीने जेमतेम हलवून पाहिला. "माझ्या कमरेचंही मत घ्या की जरा."

वहिनीने लहान ठरवला. दाराबाहेर पडता पडता मोठा ठरवला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "अहो, वळवा गाडी, पुन्हा एकदा ऐकते."

त्यानंतर ती त्या दुकानात इतकी गेली, की काका तिला बघताच बटण दाबून व्हॉल्व्ह तापत ठेवायला लागले. लहान, मोठा, लहान. आवाजाचा उजळपणा वाढवून, कमी करून. खुर्चीत बसून, उभी राहून, भिंतीकडे तोंड करून. दरवेळी निकाल वेगळा. घरी तिचा पाय ठरत नव्हता. कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच उठायची आणि जाऊन नळ बंद आहे ना बघायची. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, पण ऐकायची नाही. कामावर तिने एका बाईंना दुसऱ्याच माणसाचा चष्मा दिला आणि त्या दाराच्या काचेवर आपटता आपटता वाचल्या.

"अगं, अँप घेतेयस की मुलीसाठी स्थळ बघतेयस?" दादा म्हणाला.

"तुम्हाला काय, तुम्हाला दोन्ही सारखेच."

"मला सारखे वाटतात हे मी कबूल तरी करतो."

ते तिला लागलं. कारण गिऱ्हाईक 'दोन्ही सारखंच दिसतंय' म्हणालं, की तीच त्याला सांगायची, डोळे दमले तुमचे, जरा मिटून बसा. तिचे कान केव्हाच दमले होते. पण कान मिटता येत नाहीत.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. "मोठा घेऊन जा, सभागृहात लावून बघा. नाही पटला तर परत आणा. पण वहिनी, कृपा करा, एकदा ठरवा. माझे व्हॉल्व्ह झिजले."

सभागृह रिकामं होतं. खुर्च्यांच्या रांगा, वर फिरणारे दोन पंखे, मंचावर दोघी. दादा कंबर धरत शेवटच्या रांगेत जाऊन बसला. व्हॉल्व्ह तापले. वहिनीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिली तार छेडली. आवाज कसा, चांदण्यासारखा. कुठे चीर नाही, खरखर नाही. वन्सं गायली. वहिनीने तर जीव ओतून वाजवलं.

"ऐकू आलं का?" तिने ओरडून विचारलं.

"आलं!"

"काय आलं?"

"गिटार. एक नंबर. एकदम स्वच्छ."

"आणि शब्द?"

दादाने मान खाजवली. "शब्द... म्हणजे मध्ये एकदा 'खिडकी' ऐकू आलं."

वहिनीने बटण खाली केलं. पुन्हा म्हटलं. आणखी खाली केलं. तरी तेच. ती अँप तिरका करायला गेली, मग आडवा ओढायला गेली, आणि ओढता ओढता तो मध्येच सोडून दिला. आता दोष तरी कोणाला द्यायचा? पेटीला द्यावा तर पेटीत खोट उरली नव्हती.

"वहिनी, बस जरा," वन्सं म्हणाली.

"नाही. तू एकटी म्हण. मी मागे जाऊन ऐकते. आवाज नेमका कुठे अडतो ते कळू दे."

ती मागे जाऊन नवऱ्याशेजारी बसली. वन्संने एकटीनेच सुरुवात केली. आणि वहिनीला शब्द ऐकू आले. सगळेच्या सगळे. पहिली ओळ संपली, पण तिचा शेवटचा शब्द लगेच संपला नाही. तो खुर्च्यांवरून सावकाश मागे येत होता, भिंतीला टेकत होता, आणि मग कुठे विरत होता. वन्सं तोवर थांबली होती. दुसरी ओळ, पुन्हा तसंच. तिसऱ्या ओळीला दादाने बायकोला कोपराने ढोसलं.

"काय?"

"तुझी बोटं बघ."

तिने खाली बघितलं. उजव्या हाताची बोटं मांडीवर नाचत होती. वन्सं गात असताना बोटं गप्प, आणि ती थांबली रे थांबली की टुणटुणटुण. प्रत्येक ओळ संपल्यावर, जिथे शब्द मागच्या रांगेपर्यंत चालत येत होता, बरोबर तिथेच.

लोक कौतुक करायचे, काय जागा घेतलीत वहिनी, वा! अशा जागांसाठीच तर ती रियाज करायची.

गाणं संपलं. ती मंचापर्यंत चालत आली, पण वर चढली नाही.

"वन्सं, मी दर ओळीनंतर जागा घेते, नाही का?"

"घेतेस ना. छान घेतेस." वन्संने एक श्वास सोडला. "पण ती माझी जागा असते गं."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"काय बोलणार? आठवतं, आपला अगदी पहिला कार्यक्रम? मी ओळच विसरले होते. लोक बघतायत, मी दगड. तेव्हा तू मध्ये वाजवून वेळ मारून नेलीस. कुणाला कळलं नाही. तेव्हापासून मी थांबले की तू धावत येतेस." ती मंचाच्या कडेवर बसली. आता दोघींची तोंडं एका उंचीवर आली. "मी आता विसरत नाही, वहिनी. मी नुसती थांबते."

वहिनीला रागही आला, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिने पदराने अँपवरची नसलेली धूळ पुसली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "आता मी नाही धावत."

म्हणायला सोपं. पण ओळ संपली की बोटं आपोआप उठत. तिने ती आवळली, तर पुढचा ताल चुकला. पुन्हा केलं. वन्सं हसली, मग चिडली, मग दोघी चिडल्या. पण एकदा, एकदाच, ती ओळीनंतर खरोखर थांबली, आणि शेवटच्या रांगेतून दादाने पूर्ण ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली. बेसूर, पण पूर्ण.

दुसऱ्या दिवशी मोठा अँप परत गेला. "आता मी कमी वाजवणार आहे," तिने काकांना सांगितलं. "ओरडायची वेळ येणार नाही. लहानच द्या." काकांनी ती बाहेर पडून परत येते का, याची वाट बघितली. ती आली नाही.

कार्यक्रमाला खुर्च्या भरल्या होत्या. लहान अँप गोड, स्वच्छ बोलत होता. वहिनीचं मन मात्र स्वस्थ नव्हतं. प्रत्येक ओळीनंतर तिला उंबऱ्यावर एक पाय उचलून उभं राहिल्यासारखं वाटत होतं. सवय कुठे एवढ्यात सुटते?

शेवटचं कडवं उरलं होतं. वन्सं थांबली. शब्द मागे गेला, विरला. वन्सं थांबलेलीच. तालमीत इथे एवढी थांबत नव्हती. वहिनीला तिची पाठ तेवढी दिसत होती आणि एक खांदा. विसरली? की थांबलीय? कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी शेजारणीकडे बघितलं. वहिनीचं बोट तारेवर टेकलं. एक स्वर, फक्त एक, तिला आठवण करून द्यायला. पोरगी दगड झाली असेल तर? सगळ्या लोकांत?

तिने पंजा पसरला आणि सगळ्या तारांवर दाबून धरला.

वन्संचा खांदा किंचित वर गेला. तिने श्वास घेतला आणि कडवं उचललं.

टाळ्या झाल्या, लोक पांगले. दादा लहान अँप एका हाताने उचलून मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा फिरवत होता.

"विसरली होतीस ना?" वहिनीने केबल गुंडाळत विचारलं.

"कधी?"

"सोंग नको करू. शेवटच्या कडव्याआधी."

"नाही सांगणार."

"वन्सं!"

"बरं, पियानोवाल्याला काय सांगितलं ते सांगते." वन्सं केस सोडून पुन्हा बांधायला लागली. "आज यायच्या आधीच फोन केला त्याला. महिन्यातून एकदा गाईन म्हटलं. दर आठवड्याला नाही. मला पियानोबरोबर पण म्हणून बघायचंय गं. बाकी आपलं चालूच."

महिन्यातून एकदा. वहिनीने केबलचा वेढा उलगडला आणि पुन्हा घातला. गेली म्हणावं तर गेली नव्हती, राहिली म्हणावं तर पुरती राहिली नव्हती. हे बरं, की ते? तिला सांगता आलं नसतं.

"कुठला दिवस?" तिने विचारलं.

"का?"

"येऊन बसेन मागच्या रांगेत. तो तुला कितपत थांबू देतो, बघते ना."

"ये की. पण दादाला आणू नकोस. तो घोरतो."

"ऐकतोय मी," दारातून दादा म्हणाला. "शब्दन् शब्द."