बाहुलीचा नकाशा

गिऱ्हाईक नकाशा बघायला येत नाही, नकाशात खोड काढायला येतं, असं हरिहरराव टिपणीसांचं ठाम मत होतं. सरकारी नगररचना खात्यात निम्मी हयात घालवून त्यांनी नौपाड्यात एका दवाखान्याच्या माडीवर सल्लागाराचं कार्यालय थाटलं, तेव्हा हे शहाणपण ते सोबत घेऊनच आले होते. स्वातंत्र्य नवं होतं. ज्याच्याकडे म्हणून चार बिघे जमीन होती, त्याला तिथे शहर वसवायचं होतं. आणि शहर कसं असावं हे प्रत्येकाला टिपणीसांपेक्षा जास्त कळत होतं.

यावर हरिहररावांनी एक तोडगा काढला होता. नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगतात ना, बघणाऱ्याची नजर तिच्यावर पडावी आणि घर वाचावं म्हणून? तसंच. खरा, विचार करून काढलेला नकाशा गिऱ्हाइकापुढे ठेवायचा आणि शेजारी एक मुद्दाम वाईट नकाशा ठेवायचा. त्यात बाजार नाल्यात बसवायचा, रस्ता कुणाच्या तरी देवघरातून न्यायचा. गिऱ्हाईक त्यावर तुटून पडतं, यथेच्छ अक्कल पाजळतं, आणि मग गार होऊन खरा नकाशा पसंत करतं, वर तो आपल्यालाच सुचला असं समजून घरी जातं. या दुसऱ्या नकाशाला कार्यालयात ‘बाहुली’ म्हणत. ही गंमत दोघांनाच ठाऊक होती, हरिहररावांना आणि त्यांचे भागीदार आनंदराव कारखानीस यांना.

बाहुली कधी फसली नव्हती. भाऊसाहेब चौबळ येईपर्यंत.

खोपटच्या पुढे, खाडीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर भाऊसाहेब आणि त्यांच्यासारख्या काही जमीनमालकांनी मिळून ‘नवनगर मंडळ’ काढलं होतं. जमीन मोजायला हरिहरराव स्वतः गेले. कामाच्या बाबतीत माणूस चोख, जागा पायाखालून घातल्याशिवाय पेन्सिल हातात धरायचे नाहीत. त्या जमिनीच्या ऐन मध्यावर एक कौलारू घर होतं. समोर ओटा, मागे पडवी, आणि चुलीची खोली एका कोपऱ्यातून बाहेर आलेली, जणू घराने कोपर काढलंय. त्यात सेलेस्टीन नावाची ख्रिस्ती बाई राहत होती. घर तिच्या सासऱ्यांनी, कॉस्मासबाबांनी, आपल्या हातांनी बांधलेलं. जमीन मात्र चौबळांची. सेलेस्टीनचा नवरा मिठागरावर तापाने गेला होता. आता घरात ती आणि दोन्ही डोळे गेलेला म्हातारा, एवढीच माणसं.

सेलेस्टीनने हरिहररावांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. मोजणीच्या साखळीचा आवाज ऐकून म्हातारा अस्वस्थ झाला होता.

“साहेब, मोजता कशाला? आमचा घर पाडनार काय?”

हरिहररावांनी त्यांचा हात हातात घेतला. मनात खरा नकाशा जवळजवळ तयार होता. खाडीकडे जाणारा रस्ता या घराला वळसा घालून जाणार होता, आणि तो वळसा त्यांना फार आवडला होता.

“बाबा, तुमच्या घराला हात लागणार नाही. माझा शब्द आहे.”

“सबूद दिलाव?”

“दिला.”

म्हातारा हसला. सुनेला म्हणाला, “सेलेस्टीन, साहेबांना वालाचे शेंगा दे बांधून.”

नकाशे काढायची वेळ आली तेव्हा हरिहररावांनी वळणाचा रस्ता मन लावून काढला. बाहुली त्यांनी एका दुपारी, चहा पिता पिता उरकली. ती शक्य तितकी निर्दय दिसावी म्हणून पट्टी ठेवली आणि स्टेशनकडच्या टोकापासून खाडीपर्यंत एकच सरळ रेघ ओढली. ती सेलेस्टीनच्या घराच्या मधोमध गेली. इतकी दुष्ट रेघ कोण पसंत करणार, असं म्हणून ते स्वतःशीच हसलेसुद्धा.

मंडळाच्या बैठकीत भाऊसाहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी मांडले, चष्मा पुसला आणि बाहुलीवर बोट ठेवलं.

“वा! याला म्हणतात नगररचना! सरळ, तीर सोडल्यासारखा रस्ता. हा दुसरा म्हणजे बैलगाडीची वाट. टिपणीस, सरकारी माणसात एवढी हिंमत असेल असं मला वाटलं नव्हतं हो.”

हरिहररावांनी बोलायला तोंड उघडलं होतं. पण साऱ्या नोकरीत त्यांना कुणी हिंमतवान म्हटलेलं नव्हतं. नेटके म्हणत, वक्तशीर म्हणत. मंडळाचे सभासद माना डोलावत होते. उघडलेल्या तोंडातून एवढंच बाहेर पडलं, “आभारी आहे.”

जिना उतरताना आनंदरावांनी कपाळाला हात लावला. “अहो, बाहुलीशीच लग्न लावून दिलंत की! परत वर चला. सांगून टाका खरं.”

“काय सांगू? तुम्हाला मूर्ख समजून हा काढला होता म्हणून?”

तेच तर होतं. ही बाहुली उघडी पडली असती तर आधीच्या सगळ्या बाहुल्या उघड्या पडल्या असत्या, आणि नौपाड्यातून ताठ मानेने चालणं दोघांनाही जड गेलं असतं. एका घरासाठी इतकं? हरिहररावांनी स्वतःची समजूत घातली, की हरकती मागवतीलच, बाई हरकत घेईल, मग आपण हळूच वळण सुचवू. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. भित्र्या माणसाला या म्हणीचा फार आधार असतो.

सेलेस्टीनने हरकत घेतली. सुनावणीला ती लाल चौकड्यांचं लुगडं नेसून, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं घालून आली. वकील नव्हता. तिने सरळ हरिहररावांकडे बोट दाखवलं.

“मी काय बोलनार? या साहेबांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितला, घराला हात लागनार नाय. आमच्या बाबांना सबूद दिला. त्यांनाच इचारा.”

भाऊसाहेबांनी वळून पाहिलं. “काय टिपणीस? असं काही म्हणाला होतात?”

खोलीत पंखा फिरत होता. हरिहररावांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी ना घर होतं ना म्हातारा. होती ती फक्त भाऊसाहेबांची वर गेलेली भुवई. मालकाच्या आधी कुळाला शब्द देणारा सल्लागार उद्या कोण ठेवील?

“तसं निश्चित असं काही मी बोललो नव्हतो,” ते म्हणाले.

ती भांडेल, शाप देईल, असं त्यांना वाटलं. त्याने तरी बरं वाटलं असतं. सेलेस्टीन त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिलाच त्यांची लाज वाटल्यासारखी तिने नजर खाली घेतली.

“मग माजीच ऐकन्यात चूक जाली असेल,” ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

घर पडलं. हरिहरराव बघायला गेले नाहीत. सेलेस्टीनला खाडीच्या अंगाला बदली जागा मिळाली आणि कागदोपत्री सगळं यथासांग झालं. मंडळाच्या रस्त्याची वाहवा झाली, त्यामुळे कार्यालयात कामंही येऊ लागली. डोंबिवलीच्या कारकुनांनी काढलेल्या एका सोसायटीची आखणी त्यातच आली. मोकळं माळरान, ना घर ना झाड. डोळे मिटून काढावा असा नकाशा.

काढून झाल्यावर आनंदरावांनी तो उजेडात धरला. “हे घर कुणाचं?”

“कुठलं?”

नकाशाच्या मध्यावर एक बारीक आकृती होती. समोर ओटा, मागे पडवी, आणि कोपऱ्यातून कोपर काढलेली चुलीची खोली. रेघा हरिहररावांच्याच हाताच्या होत्या, पण त्या ओढल्याचं त्यांना मुळीच आठवत नव्हतं. त्यांनी पात्याने आकृती खरवडली. दुसऱ्या दिवशी नकाशा काढायच्या नव्या कापडावर सगळा नकाशा पहिल्यापासून उतरवला, एकेक रेघ बघून, आनंदरावांना शेजारी बसवून. संध्याकाळी दोघांनी पाहिला. घर होतं.

“तुम्ही ओढलंत का?” हरिहररावांनी विचारलं.

“मी? मी तुमच्या हाताकडे बघत होतो, अहो. काही दिसलं नाही मला,” आनंदराव म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस ते नेहमीसारखी थट्टा करेनात.

विठ्ठलवाडीजवळ एका व्यापाऱ्याच्या वखारीचं काम होतं, त्या नकाशातही घर आलं. हरिहररावांचं जेवण तुटलं. घरात त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी दृष्ट काढली, मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या म्हणून बाई खूश झाल्या, पण गुण काही आला नाही. शेवटी हरिहरराव डोंबिवलीच्या माळावर प्रत्यक्ष जाऊन उभे राहिले. भर दुपार, चहूकडे वाळकं गवत. सोसायटीचे चिटणीस छत्री धरून मागे उभे. जिथे नकाशात घर येत होतं तिथे काहीच नव्हतं. फक्त कुणीतरी चुलीवर मिरच्या आणि धणे भाजत असावं असा खमंग, नाकात बसणारा वास येत होता. जवळपास एक झोपडीसुद्धा नव्हती.

“वास येतोय तुम्हाला?” त्यांनी चिटणिसांना विचारलं.

“कसला, साहेब?”

“काही नाही. इथून रस्ता न्यायचा नाही. वळवून घ्या.”

“पण इथे तर काहीच नाही!”

“म्हणूनच म्हणतो, वळवून घ्या,” हरिहरराव इतक्या जोरात ओरडले की चिटणिसांच्या हातातली छत्री हलली. तो रस्ता वळवला गेला. उघड्या माळावर तो असा का वळतो हे त्या सोसायटीत पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

आणि मग नवनगराच्या रस्त्याचं उद्घाटन आलं. जायचं नाही असं हरिहररावांनी ठरवलं होतं. भाऊसाहेबांनी टांगाच पाठवला. झेंडूची कमान, सनई, डांबराचा ताजा वास. भाऊसाहेबांनी फीत कापली, आपल्या गळ्यातला एक हार काढून हरिहररावांच्या गळ्यात घातला आणि हाताला धरून त्यांना पुढे केलं. “चला, पहिलं पाऊल तुमचं. तुमचीच करणी!” मागून पाहुणे, त्यांच्यामागे वाजंत्री.

अर्ध्या वाटेवर समोरून दोघं येताना दिसली. सेलेस्टीन सासऱ्याचा हात धरून प्रार्थनेहून परतत होती. रस्ता सरळ होता, रिकामा होता, तरी ती दोघं सरळ येत नव्हती. एका जागी ती थांबली, कडेला सरली, मग काटकोनात वळली, थोडं चालून पुन्हा वळली. सेलेस्टीन सतत एकाच अंगाने चालत होती, म्हाताऱ्याच्या आणि त्या रिकाम्या जागेच्या मध्ये, त्याचा मोकळा हात तिकडे जाऊ नये अशी. हरिहररावांनी ही जमीन साखळीने मोजली होती. ती कशाभोवती चालत होती हे त्यांना तत्काळ कळलं.

“अहो, त्या म्हाताऱ्याला बाजूला घ्या कुणीतरी,” भाऊसाहेब कुजबुजले.

हरिहरराव पुढे झाले. “बाई,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “यांना सांगितलं नाहीत?”

“कसा सांगू? आमी खाडीवर ऱ्हायला गेलो तो रस्त्याचा काम होयपर्यंत, असा सांगितलाय. दुसरा ते ऐकूनच घेत नाय. म्हनतात, साहेबांनी सबूद दिलाय.”

कॉस्मासबाबांनी आवाज ओळखला. त्यांचा चेहरा उजळला. हात चाचपत पुढे आला आणि हरिहररावांच्या गळ्यातल्या हारावर टेकला.

“साहेब! तुमी आले ता बरा जाला. या पोरीला रोज इचारतंय, ही नीट सांगत नाय. तुमीच सांगा. घर बरा हाय ना आमचा?”

सनई थांबली होती. भाऊसाहेब बघत होते, पाहुणे बघत होते. सेलेस्टीनही बघत होती. सुनावणीच्या दिवशी खाली घेतलेली नजर तिने आज मुळीच हलवली नाही.

हरिहररावांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

“आहे, बाबा,” ते म्हणाले. “जागच्या जागी आहे.”

“मी हिला तेच सांगत व्हतो,” म्हातारा समाधानाने म्हणाला. मग हरिहररावांचं पाऊल पुढे पडल्याचं त्याला ऐकू आलं असावं. त्याने त्यांचं मनगट पकडलं. “अवो, तिकडनं नको, साहेब. भिंत हाय तिथं.”

भाऊसाहेब आणि पाहुणे सरळ निघून गेले. हरिहररावांनी पाऊल मागे घेतलं आणि म्हाताऱ्याचा हात धरून ते भिंतीच्या कडेकडेने चालू लागले.