घरचं गाणं

आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमाराच्या किनाऱ्यावर आमच्या गावात दर उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थी येतात. घरोघरी राहतात, सकाळी शाळेत आयरिश शिकतात आणि सुट्टी संपली की जातात. ऊनामावशीच्या घरी असे कितीतरी राहून गेले. त्यांची ताटं तिची भाची मिरनच घासायची, पण त्यांच्यापैकी कुणाचा तिला कधी राग आला नव्हता. मग ओहायोहून टेसा आली.

मिरन लहान असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं. मावशी आमच्याकडची नावाजलेली गाणारी. वाद्य नाही, साथ नाही, डोळे मिटून नुसता आवाज. समुद्रात बुडालेल्या सख्याला त्याची बायको हाका मारते, असं एक गाणं तिला तिच्या आईकडून आलं होतं. ते ती क्वचितच म्हणे, आणि शिकवलं तर कुणालाच नव्हतं.

टेसाने दुसऱ्याच आठवड्यात ते मागितलं, चहा ओतता ओतता. आणि मावशी चक्क हो म्हणाली.

मग रोज जेवणं झाली की दोघी शेगडीपाशी बसू लागल्या. मिरन भांडी पुसत एकेक ओळ ऐकायची. टेसाचे उच्चार कच्चे, पण सूर पक्का. मावशी हसायची, तिच्या पाठीवर थाप द्यायची. एकदा टेसाने तिला 'मावशी' अशी हाक मारली आणि मावशीने ओ दिली. त्या दिवशी मिरनने बटाटे इतके उकडले की त्यांचा लगदा झाला.

"बरं नाही का गं तुला?" मावशीने विचारलं.

"मला काय धाड भरलीय," मिरन म्हणाली.

शाळेच्या निरोपाच्या कार्यक्रमात टेसा ते गाणं म्हणणार असं ठरलं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी टेसा मिरनकडे आली. मावशीला सारखं विचारायचा संकोच वाटतो, म्हणाली. 'सखा' हा शब्द काही नीट बसत नाही. मिरनने तो मन लावून बसवून दिला. आमच्या बोलीत त्यातला सूक्ष्मसा आवाज बदलला की सख्याचं बदक होतं. मावशीचे दात पडलेत म्हणून ती वेगळं बोलते, असंही तिने वर सांगितलं.

संध्याकाळी भरल्या सभागृहात टेसाने खुर्चीवर बसून डोळे मिटले आणि आपल्या बुडालेल्या बदकाला आर्त हाक मारली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू पसरत गेलं. टेसाची मान लाल झाली, पण काय चुकलं ते तिला कळेना, म्हणून ती गातच राहिली. मिरनला ते गोड लागलं, एका कडव्यापुरतं.

कारण मावशी उठली. टेसाशेजारी जाऊन बसली, आमच्याकडे गाणाऱ्याचा हात धरून सावकाश फिरवतात तसा तिने तिचा हात धरला, आणि पुढची ओळ तिच्याबरोबर उचलली. तोच चुकीचा शब्द, डोळे मिटून. मग हसायची कुणाची छाती झाली नाही. गाणं संपलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. मिरनला फक्त तो धरलेला हात दिसत होता. तिचा हात असा कुणी कधी धरला नव्हता.

टेसा वर्गातल्या मुलींबरोबर मागे थांबली. घरी परतताना गाडीत मावशी आणि मिरन दोघीच.

"तो उच्चार तिचा नव्हता," मावशी म्हणाली.

"ते गाणं आपल्या घरचं होतं."

"मग मागायचं होतंस."

"मी का मागू? मी काय पाहुणी आहे?"

 

सकाळी मावशीने मिरनला वरच्या खोलीत, टेसाला खरं काय ते सांगायला पाठवलं. टेसाने सगळं ऐकून घेतलं आणि ती बॅग भरत राहिली. बस आली तेव्हा तिने मावशीला कितीतरी वेळ मिठी मारली. मिरनकडे तिने पाहिलंही नाही.

पुढे गारठा पडू लागला तेव्हा एकदा मावशीनेच मिरनच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस," म्हणाली. पहिलं कडवं मिरनला चार-पाचदा म्हणावं लागलं. सूर सारखा निसटत होता.

"तिला लवकर आलं होतं का हे?" तिने विचारलं.

"हो," मावशी म्हणाली. "हात दे इकडे. पुन्हा म्हण."