गाठ मारलेली होती

आजोबांनी नोकरीची एकतीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडण्यात घालवली होती. वजनमापे खात्यात निरीक्षक होते ते. दुकानात पाऊल टाकलं की आधी काट्याकडे नजर, मग दुकानदाराच्या अंगठ्याकडे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. घरात साखरेची पिशवी आली की ती तळहातावर तोलून म्हणायचे, "चाळीस ग्रॅम कमी आहे." त्यावर आजीचं उत्तर ठरलेलं, "असू दे. तेवढीच तुमची मधुमेहाची काळजी कमी."

समुद्रावर जायचा बेत मुलाचा. सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि बाळंतपणापासूनची तिची लांबलेली रजा संपत आली होती. सोमवारपासून कामावर जायचं, त्याआधी चार दिवस सगळ्यांनी मोकळी हवा खायची. माणसं पाच, त्यातलं एक हातभर, आणि गाडीतलं निम्मं सामान त्या हातभर माणसाचं. हे माणूस म्हणजे सतरा महिन्यांची नात. चालायला लागल्या दिवसापासून तिचा पाय एका जागी ठरला नव्हता, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणायचे.

भाड्यानं घेतलेलं घर बैठं होतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मग छोटंसं अंगण आणि लाकडी फाटक. फाटकापलीकडे अरुंद वाट, आणि वाट ओलांडली की वाळू. खाऱ्या हवेनं फाटकाचं लाकूड फुगलं होतं, कडी नीट बसत नव्हती; जरा ढकललं की उघडायची. सुनेनं पहिल्याच दिवशी हे हेरलं आणि आपला हिरवा स्कार्फ काढून कडीला बांधून टाकला.

"सूनबाई, तुरुंगालासुद्धा एवढा बंदोबस्त नसतो," आजोबा म्हणाले.

"तुरुंगात भिंगरी नसते, बाबा," ती हसून म्हणाली.

तिच्या या बारकाईमागे भीती होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भिंगरीच्या जन्मानंतर पहिले सहा महिने सुनेला धड झोप नव्हती. एकदा गॅस चालू राहिला, एकदा किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. लोक हसले, मुलानंही चारचौघांत किल्ल्यांची गंमत सांगितली. तिनं मात्र मनाला लावून घेतलं. तेव्हापासून कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीचा गुडघा ठणकत होता, म्हणून ती आत पडली होती. मुलगा आणि सून व्हरांड्यात घुटमळत होते. आजोबाच म्हणाले, "जा की जरा पाय मोकळे करून या दोघं. दीड वर्षात एकदा तरी बरोबर चाललात का? मी आहे हिच्यापाशी."

"झोप आली तर आईंना उठवाल?" सुनेनं विचारलं.

"अगं, दोन मुलं वाढवलीत मी."

आतून आजीचा आवाज आला, "रविवारी बघितलीत. वाढवली मी."

दोघं हसत बाहेर पडली. वाटेवरून हात आत घालून सुनेनं स्कार्फची गाठ मारली, ती आजोबांनी खुर्चीतून पाहिली. दोन वेढे, वर गाठ, आणि ओढून पाहणं.

भिंगरी अंगणात बादलीवर चमचा बडवत बसली. पंधराएक मिनिटं गेली असतील. वाटेवर मासेवाल्याची सायकल थांबली आणि समोरच्या घरची बाई मासे घ्यायला बाहेर आली. मासेवाल्याच्या हातात हुकाला टांगायचा काटा होता. आता हा काटा शून्यावर उभा आहे की आधीच शंभर ग्रॅम पुढे, हे कळल्याशिवाय आजोबांच्या जिवाला चैन पडेना. त्यांनी भिंगरीला कडेवर घेतलं, नखांनी गाठ सोडवली, स्कार्फ खिशात कोंबला आणि बाहेर गेले. काटा शून्यावर होता. जरासे हिरमुसूनच ते परत आले, फाटक मागे लोटलं, कडी सरकवली, भिंगरीला बादलीपाशी सोडलं आणि खुर्चीत बसले. हवा गार होती. पोटात जेवण होतं.

"काका. अहो काका, उठा."

डोळे उघडले तर समोर एक बाई उभी. आसपासच्या घरांच्या चादरी-टॉवेल धुवायला नेणारी, काल सकाळीच येऊन गेलेली. तिच्या एका खांद्यावर ओल्या चादरींचं ओझं होतं आणि कडेवर भिंगरी. भिंगरी छातीपर्यंत भिजलेली, केसांत वाळू, हनुवटी खरचटलेली.

"पाण्यात पडली होती," बाई म्हणाली. "दोन लाटा गेल्या अंगावरून. मी चादरी पिळत होते म्हणून दिसली, नाहीतर त्या वेळी तिकडे कुत्रंसुद्धा नसतं."

खुर्चीत बसूनच आजोबांनी नातीला छातीशी धरलं. ती थंडगार होती, आणि हसत होती. बाईनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं, "ओले कपडे आधी बदला," म्हणाली आणि गेली. आभार मानायचं आजोबांना सुचलंसुद्धा नाही.

फ्रॉकची बटणं काढेपर्यंत मुलगा आणि सून दारात.

"हे काय? भिजली कशी ही?" सुनेचा आवाज चिरकला.

"फाटक उघडं होतं," आजोबा म्हणाले. इथवर खरं होतं. इथेच थांबायला हवं होतं, किंवा पुढचंही खरं बोलायला हवं होतं. पण जीभ एकदा उताराला लागली की लागलीच. "मी पाणी प्यायला आत गेलो, दोन मिनिटं. येऊन बघतो तर ही पाण्यापाशी. धावत जाऊन आणली."

"उघडं कसं असेल? मी स्कार्फ बांधला होता."

"तिथं काही बांधलेलं नव्हतं."

हे म्हणताना त्यांचा हात खिशात होता, आणि बोटांना स्कार्फ लागत होता.

सुनेनं फाटकापाशी जाऊन पाहिलं. वाटेवर, भिंतीच्या कडेला, सगळीकडे पाहिलं. मुलगा ओरडला असता तर एक वेळ बरं झालं असतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "अगं, तुला नक्की आठवतंय का? की मनात आलं बांधायचं, आणि राहून गेलं? त्या किल्ल्यांसारखं?"

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. थोड्या वेळानं आजोबांपाशी आली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर मी काय केलं असतं?"

आजोबा म्हणाले, "असू दे, असू दे." रात्रीच्या जेवणात आजीनं माशाचा मोठा तुकडा त्यांच्या पानात वाढला. धावपळ झाली ना आज, म्हणाली. त्यांना तो गिळवेना, आणि टाकला तर कोणी विचारेल म्हणून त्यांनी तो पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती. पलीकडून सुनेचा आवाज येत होता. "मी गाठ मारली होती ना रे? मला हाताला आठवतेय ती." आणि मुलाचा, "झोप आता. झालं ते झालं." आजोबांनी कूस बदलली. नोकरीत त्यांनी शेकड्यांनी माणसं पकडली होती, आणि त्यातला प्रत्येक जण हेच करायचा: काटा कंपनीतूनच असा आला साहेब, काल बायको बसली होती दुकानात साहेब. ज्याला उलटून बोलता येणार नाही त्याच्यावर ढकलायचं. अशा माणसांबद्दल ते घरी येऊन काय काय बोलायचे! लाज कशी वाटत नाही यांना, असं म्हणायचे. आता कळत होतं, की वाटते. चांगली वाटते. आणि तरीही माणूस बोलत नाही.

सकाळी टॉवेल न्यायला ती बाई आली. आजोबा कधीपासून फाटकापाशीच उभे होते. पायरीपर्यंतही तिला येऊ न देता ते म्हणाले, "बाई, कालचे फार उपकार झाले. तेवढं… मी झोपलो होतो, हे मात्र आमच्या घरात बोलू नका."

बाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मला कोणी विचारलं तर खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि न विचारता सांगायला मला वेळ नाही. टॉवेल किती आहेत?"

"सहा," आजोबा म्हणाले. साहेब, एवढं कुठे बोलू नका, असं हात जोडून म्हणणारी सगळी तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. त्यांच्यातच आता आपलंही एक.

ते आत आले तेव्हा चहा झाला होता. सून भिंगरीला मांडीत घट्ट धरून बसली होती. पोरगी सुटायला धडपडत होती, पण ती सोडत नव्हती. डोळे सुजलेले. ती कोणाकडे न बघता म्हणाली, "मी सोमवारी जाणार नाही कामावर."

"म्हणजे?" मुलानं विचारलं.

"एक गाठ मारायची विसरते, आणि वर मारली असं छातीठोक सांगते. उद्या कोणाला कुठली गोळी देईन याचा काय भरवसा? मी आत्ताच कळवते त्यांना."

आजी म्हणाली, "राहा थोडे दिवस घरी. काय बिघडतं?" मुलगाही म्हणाला, की हरकत नाही. दोघंही प्रेमानंच बोलत होती. सुनेनं फोन हातात घेतला.

आजोबांनी खिशातून स्कार्फ काढून टेबलावर ठेवला.

तो तिथे पडल्यावरसुद्धा, खोटं का सांगावं, त्यांच्या मनात पहिला शब्द आला तो 'सापडला'. काल वाळूत सापडला, सांगायचं राहिलं. शब्द अगदी ओठांवर तयार होता. त्यांनी तो गिळला.

"गाठ मारलेली होती," ते म्हणाले. "मी सोडली. मासेवाल्याचा काटा बघायला बाहेर गेलो होतो. आल्यावर बांधली नाही. आणि मग मी झोपलो."

त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "मी धावलोही नाही. टॉवेलवाल्या बाईनं तिला पाण्यातून काढली आणि आणून मला उठवलं."

मुलगा उभा राहिला. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाला आणि बाहेर अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. आजीनं भिंगरीला सुनेच्या मांडीतून उचललं आणि आत नेलं. जाताना नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात असं ती दोनदाच वागली होती.

सून स्कार्फ हातात घेऊन बसली होती. आता ओरडेल, असं आजोबांना वाटलं. ओरडावं, असंही वाटलं.

"म्हणजे मी गाठ मारली होती," ती म्हणाली.

"हो."

"नक्की?"

"दोन वेढे घेऊन. मी बघत होतो. सोडताना नखं लागली मला."

"आणि ओढून बघितली होती?"

"ओढून बघितली होतीस."

तिनं डोळे मिटले. खांदे खाली आले तिचे. आजोबांना वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात ती म्हणाली, "झोप कोणालाही लागते, बाबा. मलाही लागली असती. पण काल मी तुमचा हात धरून तुमचे आभार मानले."

चुकलो, असं ते म्हणाले, पण शब्द इतका पुसट निघाला, की त्यांचा त्यांनाच ऐकू आला नसेल.

ती उठली, भिंगरीला आजीकडून घेतलं आणि वाट ओलांडून त्या बाईला शोधायला गेली. व्हरांड्यातून आजोबांना दिसत होतं. दोरीवर चादरी फडफडत होत्या. बाईनं हात लांब करून पाण्याची एक जागा दाखवली. सून तिकडे बघत राहिली. मग ती एकदम त्या बाईच्या गळ्यात पडली, आणि बाईनं साबणाचे हात अंगाला लागू नयेत म्हणून हवेत वर धरले.

तिच्या मागोमाग आपणही जायला हवं होतं, हे आजोबांना उशिरानं कळलं. दुपारी ते गेले. "काल आभार राहिले," म्हणाले. बाईनं मान हलवली, आणि चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून आठ चादरींच्या घड्या घातल्या.

सोमवारी सून कामावर गेली. मुलगा आठवडाभर बापाशी कामापुरतं बोलला, मग हळूहळू सगळं रुळावर आलं. पण भिंगरीला आजोबांपाशी एकटं कोणी ठेवत नसे. तसं कोणी ठरवलं नव्हतं, बोलून दाखवलं नव्हतं. आजी बाजारात निघाली की नातीलाही बरोबर नेई. शेजारची बाई सहज म्हणाली, "आजोबा आहेत ना घरी?" तर आजी म्हणायची, "हिला तेवढंच फिरणं." आजोबा पेपरातून डोकं वर काढत नसत.

पाच महिन्यांनी एका संध्याकाळी सून दारात चप्पल घालत होती. कोथिंबीर आणायची राहिली होती. भिंगरी ठोकळे मांडून बसली होती. "बाबा, दहा मिनिटांत येते," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाली, "आई आत आहेत."

"हो," आजोबा म्हणाले. "माहीत आहे."

ती गेली. आजोबा खुर्चीतून उठले, दाराची कडी वरपर्यंत सरकवली, आणि दाराला पाठ लावून नातीसमोर जमिनीवर बसले. आजी आतच होती, तरीही.