एकतीस बेचाळीस

तेरा! पन्नासपैकी तेरा! मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब धरला, चष्मा पुसून परत बघितलं, तरी तेराच. सैनिकी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत आमच्या शिवांजलीला गणितात पन्नासपैकी तेरा, आन् यादीत नाव न्हाई. आरं, माझ्या ओसरीवर त्या पोरीनं चौदा पेपर सोडवलं, त्यातल्या अकरा पेपरांत चाळीसला चाळीस, आन् साताऱ्याला जाऊन तेरा? मी असा वरडलो की आत भाकरी थापणारी आमची बनुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"फसवलं मला त्या पोरीनं," मी म्हणलो.

"मी तवाच म्हणत हुते, कुठंतरी पाणी मुरतंय," बनुबाई म्हणली. "एवढीशी पोर, एकदाबी चुकत न्हाई म्हंजे काय! पण तुमाला तुमच्या कौतुकाम्होरं दिसतंय कुठं?"

बायको बरोबर बोलली की मला जास्तच राग येतो. पायात वहाणा अडकवल्या आन् निघालो. शिवांजलीचं घर चार गल्ल्या पलीकडं. तिथं पोचूस्तवर मागचं सगळं सांगतो, म्हंजे माझा राग तुमालाबी कळंल.

मी जोतिबा. अठ्ठावीस वर्षं फौजेत, तारा-टेलिफोन सांभाळणाऱ्या सिग्नलच्या तुकडीत. सुभेदार होऊन पलूसजवळच्या आमच्या गावात परत आलो आन् दर रविवारी सकाळी ओसरीवर पोरांना गणित शिकवायला लागलो. नऊ पोरं यायची. माझा जीव एकाच गोष्टीवर, क्रम. दोन, सहा, बारा, वीस, तीस, पुढं काय? पोरं डोकी खाजवायची. मी म्हणायचो, आकड्याकडं बघू नका रं, दोन आकड्यांतल्या फरकाकडं बघा. चार, सहा, आठ, धा. मग पुढचा फरक बारा, आन् उत्तर बेचाळीस. अंगणात उसाच्या कांड्या मांडायला लावायचो. एक, मग तीन, मग सहा, मग धा. त्रिकोण वाढत जायचा, आन् शेवटी पोरं कांड्या खाऊन टाकायची, की त्या दिवसाचा क्रम संपला.

दोन वाक्यं मात्र दर रविवारी घोकून घ्यायचो. एक, खरं हुशार पोरगं तेच, जे कुणी न सांगता क्रम वळखतं. दुसरं, क्रम सापडला की डोळं झाकून पुढं जायचं, शंका घ्यायची न्हाई. फौजेत हुकूम आल्यावर कोण मागं बघत बसतंय का? लय ताठ मानेनं सांगायचो हे.

शिवांजली त्या नऊ पोरांत एकटी पोरगी. तिचा बाप जयराज फौजेत शिपाई हाय, सध्या राजस्थानात. गेल्या सुट्टीत आला तवा माझ्या ओसरीवर बसून म्हणला, "आबा, मी जन्मभर सॅल्यूट मारतोय. माझ्या पोरीला लोकांनी मारला पायजे." मी शब्द दिला. वयाच्या अटीनं पोरीला ही एकच संधी हुती, पुढच्या साली ती बसत नव्हती. जयराजला ठाऊक, तिच्या आईला ठाऊक, मला तर पाठच.

पेपर मी स्वतः हातानं लिहायचो आन् पलूसला जाऊन झेरॉक्स काढायचो. चाळीस प्रश्न, दर प्रश्नाला चार पर्याय. आता नऊ पोरांचं चाळीस-चाळीस प्रश्न तपासायचं म्हंजे ताप. त्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मी एक युक्ती केली हुती. आमच्या लडाखच्या पोस्टवरच्या टेलिफोनचा नंबर एकतीस बेचाळीस. पहिल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर तिसऱ्या पर्यायात ठेवायचं, दुसऱ्याचं पहिल्यात, मग चौथ्यात, मग दुसऱ्यात. पुढच्या चार प्रश्नांना तोच नंबर उलटा. परत सुलटा, परत उलटा. उत्तरपत्रिका नको, चष्मा नको. पोरांसमोर नुसती नजर फिरवायचो आन् फटाफट मार्क सांगायचो. पोरं आ वासून बघायची. बनुबाईलासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

शिवांजलीला पहिल्या तीन पेपरांत सत्तावीस, तीस, एकोणतीस. चौथ्यापासनं जे चाळीस लागलं ते लागलंच. मी गावभर सांगत सुटलो. न्हाव्याच्या दुकानात, दूध डेअरीवर, शिराळ्याच्या पाव्हण्याला फोन करून. माझ्या हाताखाली कशी पोर तयार झाली बघा म्हणून.

परीक्षेला तिला साताऱ्याला मीच घेऊन गेलो. पहाटेच्या वडापच्या जीपनं कराड, तिथनं एसटी. केंद्राच्या फाटकाशी तिनं माझा हात धरला आन् इचारलं, "आबा, क्रम कवाच चुकत न्हाई ना?"

"कवाच न्हाई," मी म्हणलो. "भरवसा ठेव आन् जा."

पेपर झाल्यावर पोर गप हुती. दमली असंल म्हणून मी वडापाव घेऊन दिला. तिनं तो अर्धा तसाच पिशवीत ठिवला.

असं सगळं झाल्यावर तेरा मार्क! चालता चालता माझं गणित पक्कं झालं. ही पोर कुठल्यातरी गाईडमधनं उत्तरं पाठ करत असणार, आन् मला म्हाताऱ्याला येडं बनवलं. तिच्या आईनं, राजेश्वरीनं, दार उघडलं. तिचं डोळं सुजलेलं. मी आत शिरलो ते थेट पोरीसमोर जाऊन उभा राहिलो.

"कुठनं आणत हुतीस उत्तरं?" मी म्हणलो. "तुझा बाप तिकडं उन्हात उभा हाय, मी इकडं गावभर तुझं गुणगान गातोय, आन् तू दगा दिलास?"

"आबा, पोरीला असं बोलू नगासा," राजेश्वरी म्हणली. पण मी कुठला ऐकतोय.

शिवांजली उठली. दप्तरातनं एक वही काढली आन् माझ्यापुढं उघडून धरली. माझ्या चौदाच्या चौदा पेपरांचं बरोबर पर्याय ओळीनं लिहिलेलं. तीन, एक, चार, दोन. दोन, चार, एक, तीन. चाराचाराला लाल पेनानं चौकोन केलेलं, वर बाण, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. माझ्या अंगातला राग जागच्या जागी थांबला.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी इचारलं.

"कुणीच न्हाई. तुमीच म्हणला हुतासा, हुशार पोरगं न सांगता वळखतं. मला वाटलं हा सगळ्यात मोठा प्रश्न, तुमी न लिहिता घातलाय. चौथ्या पेपरला मला सापडला. लय आनंद झाला हुता, आबा. पण कुणाला सांगितलं न्हाई, ज्यानं त्यानं सोधायचा म्हणून."

"मग तू गणितं सोडवतच नव्हतीस?"

"सगळी सोडवत हुते. सोडवून झाली की क्रमाला लावून बघायची. कवाकवा माझं उत्तर क्रमात बसायचं न्हाई. परत सोडवून बघितलं की दरवेळी माझंच चुकलेलं असायचं. क्रम एकदाबी चुकला न्हाई."

मला पुढचं कळायला लागलं हुतं, पण ऐकू नये असं वाटत हुतं. तरी इचारलं, "आन् साताऱ्याला?"

"तिथं माझं एकबी धड बसंना. पहिलंच उत्तर चौथ्या पर्यायात आलं. परत केलं, तरी चौथ्यातच. रडू यायला लागलं. मग तुमचं आठवलं, शंका घ्यायची न्हाई. तुमी फौजेतलं, शाळाबी फौजेची, तिथंबी हीच रीत असणार. फाटकाशी तुमाला इचारलंसुद्धा. मग मी उत्तरपत्रिकेवरचं सगळं गोल क्रमानंच काळं केलं."

राजेश्वरी आतनं परीक्षेची प्रश्नपत्रिका घेऊन आली. पोरांना ती घरी न्यायला दिली हुती. मी खाली बसलो आन् चष्मा लावला, नीट लावला. दर प्रश्नाच्या कडंला पेन्सिलीनं बारीक अक्षरात गणित सोडवलेलं. पाच, अकरा, एकोणीस, एकोणतीस, खाली फरक सहा, आठ, धा, मग बारा, आन् उत्तर एक्केचाळीस. बरोबर. त्याच्या खालचं बरोबर. पान उलटलं, तिथलं बरोबर. काही ठिकाणी उत्तराला गोल करून त्यावर काट मारलेली, इतकी जोरात की कागद फाटलेला. शेवटच्या पानापर्यंत मी एक एक गणित तपासत गेलो. पन्नासपैकी चव्वेचाळीस बरोबर निघाली. एवढ्या मार्कांत पोरीचं नाव यादीत आरामात लागलं असतं.

आयुष्यात कुणाच्या बापाला घाबरलो न्हाई मी, पण त्या अकरा वर्षांच्या पोरीकडं मान वर करून बघवंना.

"तुमी फसवलासा मला, आबा," ती म्हणली. रडत नव्हती. साधं सांगत हुती.

"अगं पोरी, मुद्दाम न्हाई गं," मी म्हणलो. "देवाशपथ मुद्दाम न्हाई. तो तुमी सोधावा म्हणून नव्हताच घातलेला."

"मग कशाला घातला हुतासा?"

काहीतरी सांगता आलं असतं. तुमची परीक्षा बघत हुतो, असं म्हणलो असतो तर पोरीनं ते खरं धरलं असतं. आजवर माझं सगळंच खरं धरलं हुतं तिनं. पण वही माझ्या मांडीवर उघडी पडलेली.

"तपासायला सोपं जावं म्हणून," मी म्हणलो. "चष्मा लावायला नको म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. "म्हंजे तो माझ्यासाठी नव्हताच?"

"न्हाई."

मी वही मिटून तिच्याकडं धरली. तिनं घेतली न्हाई.

"मग ती तुमीच न्या," ती म्हणली, आन् आत गेली.