मोअर बेटर

“बेटर,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे वळले.

मी त्यांच्या वाटेतच उभी राहिले. “बेटर दॅन व्हॉट?”

“सॉरी?”

“कशापेक्षा बेटर? रोज सकाळी येता, बेटर म्हणता नि चालू पडता. वाक्य पुरं करा ना!”

मागची नर्स तोंड फिरवून हसली. हसू दे. डोंबिवलीत घरच्या हॉलमध्ये इंग्रजीच्या शिकवण्या घेण्यात माझा जन्म गेला. तुलना केली की ‘दॅन’ आलंच पाहिजे, ‘टॉलर’ला वर ‘मोअर’ जोडायचं नाही, हे घसा फोडून शिकवलं. तरी कार्टी ‘मोअर टॉलर’, ‘मोअर बिगर’च लिहायची. ती निदान मुलं तरी होती. इथे एवढा शिकलेला माणूस अर्धं वाक्य तोंडावर फेकून जातो म्हणजे काय?

“कालच्यापेक्षा, मॅडम. रात्री ऑक्सिजन जरा कमी लागला.”

“आणि काल?”

“काल परवापेक्षा बेटर होते.”

“म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ! डोक्यात पडली तर वीटही डोकं फोडते, डॉक्टर. हे घरी येतील की नाही, ते सांगा.”

“न्यूमोनिया आहे, वाट बघावी लागेल,” एवढं म्हणून ते सटकले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाहेर येते तोच नागपूरहून लेकीचा फोन. “आई, डॉक्टर काय म्हणतात? सुट्टी टाकून येऊ का?”

“बेटर म्हणतात.”

“मग रविवारी आले तर चालेल? इथे ऑडिट लागलंय गं, साहेब आत्ता सोडणार नाही.”

“मला काय विचारतेस, सान्वी? इथे कुणी धड सांगेल तर शपथ! सकाळी डॉक्टरांच्या फेरीपुरतंच आत घेतात. संध्याकाळी यांच्याशी बोलायला सोडतील, मग कळवते.”

ये म्हणावं तर उगाच पोरीची नोकरी धोक्यात. नको म्हणावं आणि काही झालं, तर ती मला जन्मभर माफ करणार नाही. दिवसभर बाकावर बसून मी हेच उगाळत राहिले.

आमच्या यांचं सगळं आयुष्य कोलशेतच्या कारखान्यात पंप दुरुस्त करण्यात गेलं. इंग्रजी कानावर पडेल तेवढं उचललेलं. मला बघायला आले तेव्हा चहाचा कप खाली ठेवून सरळ म्हणाले, “फोटोपेक्षा मोअर बेटर आहे.”

“‘मोअर’ नको. नुसतं ‘बेटर’,” मी भर पाहुण्यांत चूक काढली. आईने कपाळावर हात मारला.

हे मात्र खूश. “अहो, पण ‘मोअर’ असलेलं काय वाईट?”

झालं! तेव्हापासून आमटी मोअर बेटर, नवा पंप मोअर बेटर, शेजारच्यांपेक्षा आपली बाल्कनी मोअर बेटर. मी खोडायचं, यांनी मुद्दाम म्हणायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भूल पुरती उतरलीही नव्हती, तरी विचारल्यावर जिभेवर तेच. सान्वी तर लहानपणी यांना ‘मोअर बाबा’ म्हणायची.

संध्याकाळी आत सोडलं. पाणी पाजायला नर्सने मास्क जरा बाजूला केला. मी यांचा हात धरला. एवढे पान्हे फिरवलेला हात, नुसता पडून होता.

“काय हो, कसं वाटतंय?” मी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. ओठ हलले.

“बेटर.”

मी वाट पाहिली. दुसरं काही आलंच नाही.

“मोअर म्हणा ना हो,” मी कानाशी वाकून म्हणाले. “एकदा म्हणा. मी नाही खोडणार.”

यांनी डोळे मिटून घेतले.

“अरे वा, काका बोलले!” नर्स म्हणाली. “आज छान आहेत हां.”

मला रडू फुटलं. इतकी भीती मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. बाहेर येऊन मी फोन लावला.

“बोलले का बाबा?” सान्वीने विचारलं.

“बोलले. बेटर म्हणाले.”

“मोअर बेटर ना?”

“नाही गं. नुसतं बेटर.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

“निघतेय मी,” सान्वी म्हणाली.