जिन्यातला मध

“वृषे, आ कर.”

थंडीतल्या सकाळी ही हाक जिन्यात घुमायची. घरमालकीण सज्जनबाई तिसऱ्या पायरीवर उभ्या, हातात चमचा, चमच्यात सुंठ घातलेला मध. वरच्या चार बिऱ्हाडांतली खोकणारी पोरं रांगेनं तोंडं उघडायची. वृषालीचं तोंड सगळ्यांत आधी.

मंचरच्या त्या भाड्याच्या खोलीत तिची नऊ वर्षं गेली. आई कुशाबाई आहुप्याची, लेकीच्या शाळेपायी डोंगर उतरून आलेली. दिवाळी सरली की माहेरी जायची आणि येताना मधाची बाटली एसटीत मांडीवर धरून आणायची, तान्हं लेकरू धरावं तशी. घोडेगाव येईस्तोवर गुणगुणायची,

आहुप्याचा माझा घाट, उतरते घाई घाई
पोळ्यातलं ऊन नेते, मालकिणीला गं बाई

बाटली मालकिणीच्या हातात पडली, की मगच स्वतःच्या खोलीचं कुलूप उघडायचं, असा तिचा नेम.

गेल्या कार्तिकात आई गेली. आता नर्स झालेल्या वृषालीची बदली मंचरलाच झाली होती, सोबत सहा वर्षांची श्रेया. पंधरा दिवस घर शोधून चपला झिजल्या. नवरा कुठाय, एकट्याच का, रात्रपाळी असती का, जिथं तिथं हेच. चहावाला गेणभाऊ म्हणाला होता, “ताई, आपल्याकडं बिबट्याला उसात जागा मिळती, पण एकट्या बाईला मंचरात न्हाई.” ती हसली होती खरी. पण सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, आणि आता सज्जनबाईंचं एकच दार उरलं होतं.

जुन्या घरावर दोन मजले चढले होते. तळातला दगडी जिना तेवढा तोच. वरचा फ्लॅट रिकामा होता. सज्जनबाईंचा नातू संयम म्हणाला, माझी ना नाही, पण आजीचा शब्द शेवटचा, आणि एकट्या बाईला ती देत नाही.

घरमालकिणीकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आईचं सांगणं. वृषालीनं पिशवीतून मधाची बाटली काढून म्हातारीपुढं ठेवली.

संयम अवघडला. हळूच म्हणाला, “ताई, आम्हा जैनांना मध चालत नाही.”

वृषालीचे कान तापले. नऊ दिवाळ्या, नऊ बाटल्या. आईची ती मांडी. घर गेलंच, असं समजून तिनं बाटली उचलली. तरी राहवलं नाही.

“मग काकी, आम्हाला चमच्यानं मध कोण भरवायचं?”

इतका वेळ परक्यासारख्या बघणाऱ्या सज्जनबाईंनी मान वर केली. “कुनाची गं तू?”

“कुशाबाईची.”

म्हातारीनं संयमकडं हात पसरून किल्ली मागितली. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काहीतरी सांगू लागला, ते तिनं ऐकलंच नाही. किल्ली श्रेयाच्या मुठीत ठेवली, आणि वरून मूठ मिटली.

“ती बाटली जिन्यातल्या कोनाड्यात ठेव. तिथंच असायची. घरात घेता येत नव्हती, आनि तुझ्या आईला नको म्हनवत नव्हतं.” तिनं दम घेतला. “आमचा कुठला गं मध? तुझ्या आईचाच व्हता तो. तिचाच तिच्या लेकीला भरवत व्हते मी.”